प्रोड्युसरच्या नावाचा अल्बम आणि आत सगळे पाहुणे रॅपर, मग ऐकायचं नक्की कोणाला?

मुलुंडचा_मामा

मंडळी प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतोच. १९ नोव्हेंबर २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर ट्रॅव्हिस स्कॉटचा शो झाला त्याला आमचा भाचा गेला होता, तेव्हापासून घरी आला की दुसरं काही वाजतच नाही. मी म्हटलं बाबा रे मला पण कळू दे काय एवढं आहे यात, तर याने ट्रॅव्हिस स्कॉट सोडून मेट्रो बूमिन नावाच्या भलत्याच माणसाचा 'हीरोज अँड व्हिलन्स' लावून दिला, बोलला मामा इथून सुरुवात कर, सगळे एका जागी भेटतील.

आता येता जाता ट्रेनमध्ये ऐकतोय. भेटतात खरे सगळे. जॉन लेजंड, फ्यूचर, ख्रिस ब्राउन, डॉन टॉलिव्हर, यंग थग, ट्वेंटीवन सॅव्हेज, द वीकेंड, एसॅप रॉकी, आणि मधेच मॉर्गन फ्रीमन, हो तोच, सिनेमावाला, भारदस्त आवाजात चार वाक्यं बोलून निघून जातो. पण ज्याचं नाव वर ठळक छापलंय तो माणूस कुठे आहे? तो गात नाही, रॅप करत नाही. मला आपली संगीतकार, गायक, गीतकार अशी वाटणी माहिती, त्यात हा बसवायचा कुठे?

दुसरं म्हणजे ठेका मला सगळीकडे एकच वाटतो. टिकटिकटिक टिरिरिर आणि मधे एक टाळी. स्टेशन बदलतं, गाणं बदललं की नाही ते कळत नाही. भाच्याला विचारलं तर "मामा व्हाइब आहे" यापलीकडे काही सांगत नाही. म्हणजे हे नुसतं मोठमोठ्या नावांचं गाठोडं आहे, पूर्वी फुटपाथवर हिट गाण्यांच्या सीडी मिळायच्या तसं, की यात खरंच एका माणसाचं काही डोकं आहे? जाणकारांनी सांगावं. टिंगल चालेल पण उत्तर पण द्या.

कळव्याचा_बीटवाला

मामा टिंगल कशाला, अर्ध्या रॅप ऐकणाऱ्या पोरांना पण हे सांगता येत नाही. मी बीट बनवतो, म्हणजे रॅपच्या मागचं संगीत, दिवसा नोकरी रात्री एफएल स्टुडिओ हे सॉफ्टवेअर, तर मला जमेल तसं सांगतो.

आधी एक विचारतो, शफल चालू आहे का तुमचं? असेल तर आत्ताच्या आत्ता बंद करा. हा अल्बम शफलवर ऐकणं म्हणजे वाट लावणं. तिसरं गाणं 'टू मेनी नाइट्स' संपतंय असं वाटतं आणि कळायच्या आत तुम्ही चौथ्यात, 'रेनड्रॉप्स'मध्ये असता, जोड कुठे आहे ते शोधून सापडत नाही. आणि पाऊस झाला की पाचवं गाणं काय, 'अंब्रेला'. ही गंमत कुठल्याही रॅपरची नाही, ज्याचं नाव वर आहे त्याची आहे. रॅपर आपला व्हर्स, म्हणजे आपलं कडवं, देऊन मोकळा होतो, बऱ्याचदा त्याला माहिती पण नसतं की आपल्या आधी कोण येतंय आणि नंतर कोण. कुठल्या बीटवर कोणाला बोलवायचं, कोणाला सोळा ओळी द्यायच्या, कोणाला फक्त हुक म्हणजे धृपद, कोणाच्या आवाजाखालून ड्रम काढून घ्यायचे आणि परत कधी सोडायचे, हे सगळं एका माणसाच्या डोक्यात. तुमच्या वाटणीत तो संगीतकार प्लस अरेंजर, वर थोडा सिनेमाचा दिग्दर्शक.

आणि तो अल्बममध्ये ऐकू येत नाही असं नाही हं. हे लोक टॅग टाकतात, म्हणजे बीटच्या तोंडाशी स्वतःच्या नावाची एक ओळ, बहुतेक दुसऱ्याच्याच आवाजात. मेट्रोचा सगळ्यात गाजलेला टॅग फ्यूचरच्या आवाजात आहे, यंग मेट्रोला तुझा भरवसा वाटत नसेल तर मी तुला गोळी घालीन अशा अर्थाचा. ती सही समजा. पब्लिक त्या एका ओळीवर ओरडतं, रॅपर तोंड उघडायच्या आधी.

माणूस मूळचा सेंट लुइसचा, जन्म १९९३. ट्रॅपचं, म्हणजे या जातीच्या रॅपचं, सगळं चालतं अटलांटात. शाळेत असताना त्याची आई त्याला गाडीत घालून सेंट लुइसहून अटलांटाला न्यायची, स्टुडिओत सोडायला, एका बाजूचं अंतर नऊशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबई नागपूरपेक्षा जास्तच. पुढे २०१२ ला कॉलेजच्या नावाखाली तिकडेच गेला आणि कॉलेज सोडलं. आपल्याकडे हे ऐकून आधी आईलाच चार लोकांनी सुनावलं असतं.

खडूस_पार्लेकर

बीटवाले साहेब कौतुक कळलं, आता माझं ऐका. मी पण हे ऐकलंय, मुलीच्या कृपेने. माझं म्हणणं, मामांचा संशय निम्मा बरोबर आहे. एवढे पाहुणे घेण्यामागे कला किती आणि हिशोब किती? प्रत्येक पाहुणा आपापले फॅन घेऊन येतो, स्ट्रीमिंगवर त्याच्या पेजवर पण गाणं दिसतं, की झाले आकडे. पहिल्या आठवड्यात हा अल्बम अमेरिकेत एक नंबरला गेला, १ लाख ८५ हजार युनिट, म्हणजे विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून, त्यात त्या यादीचा हात नाही म्हणता?

आणि संगीतकार एक, गाणारे अनेक, हे काय त्यांनी शोधलंय का. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, ५६ गाणी, आठवड्याला एक, वर्षभर घरोघरी लोक रेडिओला चिकटून. आज आपल्याला वाटतं ते सगळं बाबूजींनीच गायलंय, कारण पुढे कार्यक्रम त्यांनी एकट्याने केले. पण मूळ रेडिओवर गायक वेगवेगळे होते, माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ज्या पात्राचं गाणं त्याला शोभेल तो आवाज. तरी छप्पन्न गाण्यांत एक माणूस दिसतो की नाही? सुधीर फडके दिसतात. म्हणून म्हणतो, नुसतं नाव वर छापून होत नाही.

कळव्याचा_बीटवाला

काका तुम्ही माझ्याच बाजूने बोललात की 😄

खडूस_पार्लेकर

नाही बोललो, पूर्ण ऐक. तिथे शब्द एका माणसाचे होते. गदिमा. आवाज कितीही बदलू दे, गोष्ट सांगणारा एक आणि चाल लावणारा एक. इथे प्रत्येक पाहुणा आपले शब्द आपण लिहून आणतो. एकाला गाड्या सांगायच्यात, दुसऱ्याला पोरी, तिसऱ्याला कोणावर तरी राग काढायचाय. नाव 'हीरोज अँड व्हिलन्स', पण पंधरा गाण्यांत हीरो कोण आणि व्हिलन कोण याचा पत्ता आहे का? म्हणून तर तो मॉर्गन फ्रीमन आणावा लागला, निवेदनाला. गोष्ट नसली की निवेदक लागतो. आमच्या सोसायटीच्या गणपतीत पण तेच.

लालबागचा_ऑक्टापॅड

पार्लेकर काका शेवटचं वाक्य जबरी 😂 पण मला मामांच्या ठेक्याच्या प्रश्नाला हात घालू द्या कारण ते राहूनच गेलं.

मी बेंजो पथकात वाजवतो, ऑक्टापॅड म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमचा पॅड, गणपती नवरात्र हळदी सगळं. मामा तुम्हाला सगळं सारखं वाटतं याचं पहिलं कारण सांगू का, ट्रेन. या गाण्यांची जी खरी चाल आहे ती खाली आहे, एकदम खाली, एटओएट बोलतात त्याला. रोलंड कंपनीचं टीआर एटओएट नावाचं ड्रम मशीन होतं, १९८० ला आलं आणि १९८३ ला बंद पण झालं. तेव्हा लोकांना तो आवाज खोटा वाटायचा, खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून. मशीन स्वस्तात विकली गेली, पोरांनी उचलली, बाकी इतिहास. त्याच रोलंडचा ऑक्टापॅड आमच्या गळ्यात, म्हणजे स्टँडवर, तर तसं बघितलं तर आम्ही भाऊबंद.

तर त्या मशीनचा जो किक होता, त्याचं शेपूट लांबवून त्याला सुरात लावतात आणि त्यावरच बेसची चाल वाजवतात. धप्प नाही, धूऊऊम, आणि तो धूऊऊम एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. हे सगळं चाळीस ते साठ हर्ट्झच्या आसपास. मोबाइलच्या स्पीकरवर ते येतच नाही, आणि ट्रेनचा खडखडाट नेमका त्याच भागात असतो त्यामुळे साध्या इयरफोनवर पण गेलंच. म्हणजे तुम्ही गाण्याचा अर्धा भाग न ऐकता वरची टिकटिक तेवढी ऐकताय. सारखी वाटणारच. हॅट, म्हणजे ती टिकटिक, सगळीकडे साधारण तशीच असते हो, फरक खाली असतो. घरी एकदा बरे हेडफोन लावा नाहीतर कोणाच्या गाडीत बसून ऐका, मग बोला.

लयीचं पण एक सांगतो. लिहिलेलं असतं एकशे चाळीसच्या आसपास पण टाळी पडते तिसऱ्या मात्रेवर, त्यामुळे अंग सत्तरवर डोलतं आणि हॅट मात्र दुप्पट चौपट पळतात, मधेच तिस्र मारून परत सरळ. एकाच वेळी सावकाश पण आणि घाईत पण. आमच्या बेंजोत उलटं, आम्हाला जागा रिकामी सोडून चालत नाही, दोन सेकंद गॅप दिला की पब्लिक थांबतं आणि पार्टीचा माणूस येऊन बोलतो काय झालं पैसे दिलेत ना. ट्रॅपमध्ये गॅपच मेन आहे. त्या गॅपमध्ये बोलणारा बसतो. मी हे वाजवून बघितलंय ऑक्टापॅडवर, हात सारखे भरायला जातात, थांबवणं कठीण.

आता पाहुण्यांचं. 'अंब्रेला' नीट ऐका, त्यात ट्वेंटीवन सॅव्हेज आणि यंग न्यूडी, दोघं एकमेकांचे कझिन. ट्वेंटीवन सपाट बोलतो, आवाज चढवतच नाही, कानात येऊन धमकी दिल्यासारखा. मग त्याच्या मागे जास्त सामान ठेवून काय फायदा, बीट पण तशीच आत दबलेली. आणि फ्यूचर सूर ओढत बोलतो, तर त्याच्या मागे मोठं ऑर्केस्ट्रासारखं पसरलेलं, 'सुपरहीरो'त तसंच आहे. गायक बघून साज बदलणं हे तबलेवाल्याला कोण शिकवतं? तर ते इथे पण आहे. कोणाच्या मागे काय वाजवायचं नाही हे ज्याला कळतं त्याचं नाव वर.

मुलुंडचा_मामा

ऑक्टापॅड भाऊ हे भारी सांगितलंत. शफल चालूच होतं बीटवाले, बंद केलं. मेहुण्याच्या गाडीत ऐकून सांगतो, त्याने मागे मोठा वूफर बसवलाय ज्यावरून बहिणीने घर डोक्यावर घेतलं होतं, कामाला येईल एकदाचा.

मीनल_घोडबंदर

सगळे पुरुष ड्रमवर बोलताय म्हणून मी शब्दांवर बोलते.

मामा तुमचा भाचा किती मोठा आहे माहीत नाही पण शब्द वाचलेत का तुम्ही? बाईचा उल्लेख बहुतेक ठिकाणी गाडी घड्याळाच्या यादीत येतो तसा येतो. मी ट्रॅप बरीच वर्षं ऐकते, आवडतं, आणि हे खटकतं पण, दोन्ही एकदम चालू असतं. हे संगीत अटलांटाच्या ज्या वस्त्यांतून आलं तिथे ड्रग्ज विकायच्या घराला ट्रॅप म्हणायचे, २००३ मध्ये टी. आय. ने ते नाव थेट अल्बमवरच टाकलं, तर त्या जगातल्या गोष्टी गोडगोड नसणार हे मान्य. पण आता करोडपती झालेले लोक तेच ते सांगतात तेव्हा मला कंटाळा येतो. पार्लेकर काकांचा मुद्दा मला त्यासाठी पटतो, पाहुणे खूप आणि बायका जवळजवळ नाहीत. पाहुण्यांच्या एवढ्या मोठ्या यादीत एका तरी बाईला अख्खा व्हर्स द्यायला काय झालं होतं?

आता ज्यासाठी मी हा अल्बम तरी परत परत लावते ते सांगते. दहावं गाणं, 'क्रीपिन'. वीकेंड गातो की तू मला फसवत असशील तर असू दे, मला कळू देऊ नकोस. ही चाल मेट्रोची नाही. २००४ मध्ये मारियो वायनन्सचं गाणं होतं, त्यावरून घेतलंय. त्या गाण्याच्या मागची गुणगुण आली होती फ्यूजीज या अमेरिकन रॅप ग्रुपच्या १९९६ च्या गाण्यातून, आणि फ्यूजीजनी ती उचलली होती आयर्लंडच्या एन्याकडून, १९८७ च्या रेकॉर्डमधून. म्हणजे अटलांटाच्या ट्रॅप अल्बममध्ये मधोमध एक आयरिश बाई तोंड बंद ठेवून गुणगुणतेय आणि तिच्यावर आधी वीकेंड आणि मग ट्वेंटीवन सॅव्हेज. पाहुण्यांच्या यादीत तिचं नाव नाही पण मला विचाराल तर अल्बममधली सगळ्यात मोठी पाहुणी तीच. आणि एक बाई मिळाली ती पण मुकी, हे पण लक्षात घ्या.

अजून एक. अल्बम आला २ डिसेंबर २०२२ ला. यंग थग तेव्हा तुरुंगात होता, मे महिन्यात पकडला होता, आणि इथे 'मेट्रो स्पायडर' अख्खं त्याच्या आवाजात. रॅपर गना पण आतच होता तेव्हा, बोनस गाणं त्याचं. आणि चौदाव्या गाण्यात टेकऑफ आहे, मिगोस ग्रुपवाला, ज्याला १ नोव्हेंबरला ह्यूस्टनमध्ये गोळी लागून तो गेला, म्हणजे अल्बमच्या बरोबर महिनाभर आधी. गाणं एकदम मस्तीचं आहे, नावातच आग आहे, आणि तो मजेत बोलतोय. मेट्रोची ती आई, बीटवाल्याने सांगितली ती, तिचा त्याच वर्षी जूनमध्ये खून झाला. हे सगळं डोक्यात ठेवून ऐकलं की तेच शब्द ऐकताना आत कुठेतरी हलतं. काका विचारतात गोष्ट कुठे आहे. मला वाटतं ती शब्दांत नाहीये, आवाज कोणाचे आहेत आणि ते कुठून येतायत त्यात आहे.

खडूस_पार्लेकर

मीनलताई, शेवटचा परिच्छेद मानला. पण मग ते बाहेरून कळलेलं झालं, अल्बमने नाही सांगितलं. मला वेगळं वाचावं लागलं तर ती बातमीची ताकद, गाण्याची नाही. एन्याचं मात्र माहीत नव्हतं. मुलीला सांगून भाव खाणार.

मीनल_घोडबंदर

काका मग गीतरामायण ऐकणाऱ्याला रामायण आधीच माहीत असतं ते बाहेरून कळलेलं नाही का 🙂

खडूस_पार्लेकर

हम्म.

वऱ्हाडी_इन_वडाळा

वा काय धागा चाल्लाय, मी दोन दिवसांनी पोचलो. काकांना गप केलं कोणीतरी पहिल्यांदा.

आपल्याकडे असं काही आहे का यावर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. प्रोड्युसरचं नाव रॅपरच्या बरोबरीने कव्हरवर, हे हिंदीत दिल्लीच्या सेझ ऑन द बीटने चांगलं रुजवलं, सीधे मौत या रॅपर जोडीबरोबर 'बयान' २०१८ ला आणि 'नायाब' २०२२ ला. पण त्यात रॅपर तेच दोघं, पाहुण्यांचा मेळावा नाही. मुंबईत करण कांचन आहे, ट्रॅप त्याच्या हाडात आहे, डिव्हाइन पासून खूप जणांना बीट दिल्यात. गली रॅप म्हणून जे गाजलं, २०१५ चं 'मेरे गली में' वगैरे, जेबी नगरचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी, तिथे लोकांना चेहरे माहीत झाले, बीट कोणाची ते विचारलं कोणी? २०१९ ला 'गली बॉय' सिनेमा आला तेव्हा तर सगळ्या मुंबईला रॅपर व्हायचं होतं, प्रोड्युसर व्हायचंय असं बोलणारा एक भेटला नाही.

प्रोड्युसरच हीरो असं मुंबईत मला आठवतं ते न्यूक्लियाचं, २०१५ ला 'बास रानी' अल्बम त्याने गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवरून वाजवून रिलीज केला होता. ते ट्रॅपच्या जवळचं आहे, बेस तोच. ऑक्टापॅड भाऊला जास्त माहिती असेल.

मराठीत २०२४ ला 'तांबडी चामडी' फिरलं सगळीकडे, क्रेटेक्स प्रोड्युसर आणि श्रेयस गाणारा, तिथे प्रोड्युसरचं नाव पहिलं येतं. पण ते हाउस आहे, नाचायच्या संगीताचा वेगळा प्रकार, ट्रॅप नाही, आणि एक गाणं म्हणजे अल्बम नाही.

माझी तर इच्छा अशी आहे की एका मराठी पोराने असा अल्बम करावा ज्यात अमरावतीचा रॅपर हंड्रेड आरबीएच वऱ्हाडीत, स्वदेसी या मुंबईच्या रॅप ग्रुपचा एमसी मवाली मुंबईच्या मराठीत, कोणी आगरी कोळी, कोणी मालवणी, एखादी पोरगी कोल्हापूरची, सगळे एका बीटवाल्याच्या छपराखाली. तिथे पाहुणे असण्याला अर्थ येईल, कारण प्रत्येकाची बोली वेगळी तर बीटला पण वेगळं वागावं लागेल. स्वदेसीने २०१९ ला 'वारली रिव्होल्ट'मध्ये आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर घेतले होते, तो पाहुणा आकडे वाढवायला नव्हता आणला, त्याच्याशिवाय ते गाणं उभंच राहिलं नसतं. अमेरिकेवाल्यांच्या अल्बममध्ये मला तेवढं कमी वाटतं, सगळे पाहुणे एकाच मोहल्ल्यातले.

लालबागचा_ऑक्टापॅड

न्यूक्लियाचं बरोबर आहे. आमच्याकडे काही जुन्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली होती की मिरवणुकीत हे काय, आणि पुढच्या सीझनला तेच लोक बेंजोवाल्यांना सांगायला लागले की ते बेसवालं काहीतरी घ्या. घेतलं पण. कच्छी ढोलावर एटओएटचा धूऊम टाकला की काय होतं ते ऐकायचं असेल तर ऑगस्टमध्ये या कोणीही, पत्ता सांगायला नको.

कळव्याचा_बीटवाला

वऱ्हाडी भाऊ, अल्बमची आयडिया मस्त आहे, आता खर्चाचं आणि कागदाचं सांगतो म्हणजे मराठीत का होत नाही ते कळेल.

पाहुणा बोलावला की तो पैसे मागणार, मागायलाच पाहिजे. नाही मागितले तर मास्टरमध्ये, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या मालकीत, हिस्सा मागणार. आठ पाहुणे म्हणजे आठ वेगळी बोलणी, आठ जणांच्या तारखा, त्यातले तीन जण व्हर्स पाठवतो पाठवतो करून गायब, एक जण पाठवतो तो मोबाइलवर पंख्याच्या आवाजासकट रेकॉर्ड केलेला. एकाने टेम्पोच वेगळा धरून रॅप केला होता, त्याला फोन केला तर बोलला भाई तू बीट थोडी स्लो कर ना. मेट्रोकडे हे होत नाही कारण तिथे मोठं लेबल आहे आणि नाव आहे, आणि मुख्य म्हणजे ते लोक पोरं असल्यापासून एका स्टुडिओत एकत्र बसलेत. ट्वेंटीवन सॅव्हेजबरोबर त्याने २०१६ मध्येच 'सॅव्हेज मोड' केला होता, तेव्हा ट्वेंटीवनला बाहेर फारसं कोणी ओळखत नव्हतं. पाहुणे म्हणतोय आपण पण निम्मे घरचेच आहेत.

आपल्याकडे बीटवाल्याची इज्जत काय ते पण सांगतो. अंधेरीतल्या एका लेबलला मी दोन बीट दिल्या, नाव घेत नाही, गाणं आलं तर क्रेडिटमध्ये माझं नाव 'म्युझिक असिस्टंट'. विचारलं तर बोलले पुढच्या वेळी बघू. ती पुढची वेळ आलीच नाही. त्यामुळे यूट्यूबवर 'मेट्रो बूमिन टाइप बीट' टाकून लीजवर विकणाऱ्या कोणाही पोराला एकच सांगतो, एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त एकालाच, देताना कागद वाचा. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या बदलानंतर संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क आहे, आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं मेंबर व्हा, ऑफिस इथे मुंबईतच आहे, आणि गाणं रिलीज व्हायच्या आधी हिस्से लिहून घ्या, नंतर कोणी ओळख दाखवत नाही.

पार्लेकर काकांच्या आकड्यांच्या मुद्द्याला पण उत्तर द्यायचं राहिलं. हो, पाहुण्यांनी आकडे येतात, खोटं कशाला बोलू. पण पाहुणा महागात पण पडतो. मार्च २०२४ मध्ये मेट्रो आणि फ्यूचरचा 'वी डोन्ट ट्रस्ट यू' आला, त्यात एका गाण्यात केंड्रिक लामार येऊन ड्रेक आणि जे कोलवर तुटून पडला, आणि मग जे भांडण पेटलं त्यात महिनोनमहिने सगळे त्या एका व्हर्सवर बोलत राहिले. बाकीचा अल्बम? सोळा सतरा गाणी होती त्यात, कोणाला आठवतात? एका पाहुण्याने अख्खं ताट खाल्लं. 'हीरोज अँड व्हिलन्स'मध्ये तसं कोणालाच करू दिलेलं नाही, एकही जण जागा सोडून पसरत नाही, आणि माझ्या मते ती मेट्रोची जास्त मोठी करामत आहे.

मुलुंडचा_मामा

रविवारी मेहुण्याच्या गाडीत ऐकला, ऐरोली पुलावरून घणसोलीपर्यंत आणि परत. शफलशिवाय. तो तीनवरून चारमध्ये जाणारा जोड पकडायचा म्हणून कान टवकारून बसलो होतो तरी सुटला, मागे घेऊन परत ऐकला तेव्हा कुठे कळलं. आणि ऑक्टापॅड भाऊ तो धूऊम, काय सांगू, डिकीतली पाण्याची बाटली वाजत होती. सगळी गाणी सारखी नाहीत हे मान्य. भाचा मागे बसून मोबाइलवर शूटिंग करत होता माझं.

तरी काकांचं थोडं पटतंच, शब्दांत काही हाताला लागलं नाही. 'क्रीपिन' आवडलं. ती बाई ऐकू आली, मीनलताई सांगितलं नसतं तर सिंथ समजलो असतो. शेवटचं गनावालं बोनस मला उगाच वाटलं, चौदाव्यावर संपायला हवं होतं.

आता पुढे काय ऐकू? भाचा बोलतो ट्रॅव्हिस स्कॉट, पण मला प्रोड्युसरवालंच अजून एक द्या.

कळव्याचा_बीटवाला

त्याचाच 'नॉट ऑल हीरोज वेअर केप्स', २०१८ चा, त्यात पण ट्रॅव्हिस आहे म्हणजे भाचा खूश. मग उलटे मागे जा, डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक', १९९२. ट्रॅप नाही ते, वेस्ट कोस्ट म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं रॅप आहे, ड्रे स्वतः रॅप पण करतो, पण स्नूप डॉगला सगळ्या जगाने ओळखलं ते त्या अल्बमवर पाहुणा म्हणून आला तेव्हा. बोनसबद्दल सहमत, मी प्लेलिस्टमधून काढूनच टाकलंय.

खडूस_पार्लेकर

मामा, आणि त्या भाच्याला मूळ रेडिओवरचं गीतरामायण शोधून ऐकव, वेगवेगळ्या गायकांचं. गाडीत. वूफर बंद करून.

लालबागचा_ऑक्टापॅड

वूफर चालू ठेवा मामा, पखवाजाचा धुमा त्याच्यावरच कळतो.